जुने ते विकावे, चांगले ते द्यावे

आमच्या धर्मग्रामातील एका भगिनीने मागच्या वर्षी आपल्या मुलीचा पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा विकला. झग्याबरोबर डोक्यावरची जाळी आणि मुलाचा एकदाच अंगावर चढलेला सूटही विकला. नवऱ्याचे कारखान्यातील काम सुटून चार महिने झाले होते, शाळेची फी भरण्याची मुदत दोन दिवसांवर आली होती आणि उसने मागावे असे दार उरले नव्हते. शेजारच्या आळीतील एका कुटुंबाने दोन्ही मिळून १,२०० रुपये दिले. पैसे त्याच संध्याकाळी हातात पडले, फी भरली गेली. व्यवहार येथेच संपायला हवा होता. परंतु पुढल्या रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या आवारात जी कुजबुज सुरू झाली ती नाताळपर्यंत थांबली नाही. पवित्र दिवसाचा झगा विकला, असे एकीने म्हटले. इतकी वेळ आली का, असे दुसरीने विचारले. त्यापेक्षा गरिबाला दिला असता तर पुण्य तरी लागले असते, असा निवाडा तिसरीने दिला. त्या भगिनीने पुढचे कित्येक रविवार शेवटच्या मिस्सेला येऊन मागच्या बाकावर बसणे पसंत केले.

ही हकिगत आम्ही कोणाला दुखवण्यासाठी सांगत नाही. परंतु हे तीन आक्षेप एका आवारापुरते नाहीत. ते आपणा सर्वांच्या मनात कोठेतरी दडलेले आहेत. म्हणून ते उजेडात आणून तपासणे आम्हांस आवश्यक वाटते. आमच्या मते तिन्ही चुकीचे आहेत, आणि त्यांतही सर्वांत धार्मिक वाटणारा तिसरा आक्षेप सर्वांत घातक आहे.

प्रथम पावित्र्याचा प्रश्न घेऊ. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११९० वे कलम संतांचे पवित्र अवशेष विकण्यास सक्त मनाई करते. कम्युनियनचा झगा हा अवशेष नव्हे. तो शिंप्याने शिवलेला किंवा दुकानातून आणलेला कपडा आहे. त्या दिवशी पवित्र होते ते वेदीवरचे ख्रिस्तशरीर, आणि ते स्वीकारणारे बालकाचे मन. झग्याला पावित्र्य चिकटते असे मानायचे, आणि तोच झगा प्लॅस्टिकच्या पिशवीत कपाटावर टाकून वर्षानुवर्षे पिवळा पडू द्यायचा, ही कसली भक्ती? तोच झगा दुसऱ्या एका मुलीने घालून वेदीपर्यंत चालत जावे, यात त्याचा अधिक मान नाही काय?

दुसरा आक्षेप अब्रूचा. वापरलेला कपडा विकणे म्हणजे घराचे दिवाळे निघाल्याची दवंडी, असे आपण मानतो. पण आपण विकत नाही असे खरोखर आहे काय? गळ्यात बोचके आणि कमरेवर भांड्यांची पाटी घेऊन दारात येणारी बोहारीण आपल्या आयांनी वर्षानुवर्षे ओट्यावर बसवून घेतली. दोन साड्या आणि एका विजारीवर एक पातेले, आणखी एक सदरा टाकला तर वर झाकण, अशी घासाघीस तासभर चाले. त्या व्यवहारात कोणाचीही अब्रू गेली नाही. म्हणजे पातेले घेतले तर संसारदक्षता आणि रोख पैसे घेतले तर लाज, असा हा न्याय! पातेल्याने शाळेची फी भरता येत नाही, एवढाच काय तो त्या भगिनीचा अपराध.

आणि त्या बोहारणीकडे तरी आपण कधी नीट पाहिले काय? गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातील, ज्यांना आता देवीपूजक म्हटले जाते, अनेक स्त्रिया हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. घरोघरी फिरून जमवलेले कपडे त्या निवडतात. धडके असतील ते धुऊन, बटणे लावून, इस्त्री करून पदपथावर विकायला जातात. अगदीच फाटके सुती कपडे चिंध्या होऊन गॅरेजांत आणि छापखान्यांत यंत्रे पुसण्यासाठी जातात. जरीच्या जुन्या साड्यांतून चांदी काढली जाते. दिल्लीच्या रघुबीर नगरात या समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाट होण्यापूर्वीच भरतो. कोणी टाकून दिलेल्या सदऱ्यावर कोणा कुटुंबाची चूल पेटते, आणि तोच सदरा विकत घेणारा मजूर धडक्या अंगाने कामावर जातो. हा व्यापार हलका म्हणणाऱ्याने आपल्या हाताने एक तरी बटण लावून पाहावे.

आता तिसरा आक्षेप: विकण्यापेक्षा दान करावे. वाचकहो, येथे आपण थोडे कठोरपणे आपल्याच कपाटात डोकावले पाहिजे. नाताळपूर्वी आणि उपवासकाळात अनेक धर्मग्रामांत गोरगरिबांसाठी कपडे गोळा होतात. ती गाठोडी सोडण्याचे काम आमच्यापैकी काहींनी केले आहे. त्यांत काय निघते? चेन तुटलेल्या विजारी, घामाने पिवळ्या पडलेल्या गंजिफ्रॉका, एकच मोजा, उसवलेले परकर. बोहारणीने जे नाकारले ते आपण ख्रिस्ताच्या नावाने पाठवतो! २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढिगारे रस्त्याच्या कडेला पडून राहिले. घरदार गमावलेल्या कोळी बांधवांनी त्यांना हात लावला नाही. त्यांनी सर्वस्व गमावले होते, स्वाभिमान नव्हे.

आपल्या परंपरेत वस्त्रदान आहे. त्याचे आम्ही अवमूल्यन करीत नाही. ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, ही बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाची शिकवण लूकच्या शुभवर्तमानात आहे. पण दोन अंगरखे असणाऱ्याचा दुसरा अंगरखा वापरातला असतो, फेकण्याच्या लायकीचा नसतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील यापोची टबीथा विधवांसाठी स्वतः कपडे शिवत असे. ती मरण पावली तेव्हा त्या विधवांनी रडत रडत तिने शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवले. संत मार्टिनने आमिआँ शहराच्या वेशीवर थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला अर्धा झगा दिला, तो स्वतःच्या अंगावरचा, तलवारीने कापून. जुने लुगडे काढून टाकायचेच होते म्हणून दिले, अशी कथा आम्हांस एकाही संताच्या चरित्रात आढळली नाही. तेव्हा दान द्यायचे ते चांगले द्यावे. ज्याची आपल्याला गरज उरली नाही पण ज्याला किंमत आहे, ते खुशाल विकावे. दोन्ही व्यवहार स्वच्छ आहेत. मलिन आहे ते नकोसे झालेले दान म्हणून खपवणे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, दान करण्याचा उपदेश कोणाला करायचा? ज्या बाईच्या घरी फीचे पैसे नाहीत, तिला दानशूर होण्याचा सल्ला देणे ही निष्ठुरता आहे. गरिबाच्या अंगावरचे वस्त्र ही त्याची मालमत्ता आहे, हे पवित्र शास्त्र जाणते. गहाण ठेवलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, असा निर्बंध निर्गमच्या पुस्तकात आहे. विधवेचे वस्त्र गहाण घेऊच नये, असे अनुवादाचे पुस्तक सांगते. ज्या मालमत्तेला देवाच्या नियमशास्त्राने संरक्षण दिले, ती अडचणीच्या दिवशी मोडून लेकराची फी भरणाऱ्या आईला नावे ठेवण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

घेणाऱ्याच्या बाजूनेही पाहावे. फुकट मिळालेला कपडा घेताना मान खाली जाते. रांगेत उभे राहावे लागते, देणाऱ्याच्या आवडीनिवडीवर समाधान मानावे लागते. पन्नास रुपये मोजून घेतलेला कपडा माणूस उलटून-पालटून पाहतो, माप बघतो, नापसंत असेल तर परत ठेवतो. नाकारण्याचा हा अधिकार म्हणजेच माणसाचा मान. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापन केलेल्या 'गूंज' या संस्थेने हेच ओळखले. खेड्यातील लोक विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम यांनी पॅरिसमध्ये सुरू केलेली संत विन्सेंट डी पॉल सोसायटी आपल्या परिचयाची आहे. परदेशांत हीच सोसायटी वापरलेल्या कपड्यांची दुकाने उघडपणे चालवते. तेथे ज्याची लाज नाही, त्याची येथेच का असावी?

एक धोका मात्र आम्ही नाकारत नाही. जुने विकता येते म्हणून नवे घेण्याचा हव्यास वाढू नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात फेकून देण्याच्या संस्कृतीविरुद्ध दिलेला इशारा आपणासही लागू आहे. एका दिवसाच्या झग्यावर महिन्याचा पगार उधळणाऱ्यांनी तो विकला काय किंवा दान केला काय, उधळपट्टी ती उधळपट्टीच. खरे तर वापरलेला झगा विकत घेण्याची प्रतिष्ठा वाढली, तर ही चढाओढ आपोआप ओसरेल.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक धर्मग्रामाने पहिल्या कम्युनियनच्या दोन महिने आधी सभागृहात एक दिवस वापरलेल्या कपड्यांचा बाजार भरवावा. झगे, सूट, लग्नातील पोशाख, शाळेचे गणवेश, सर्व काही धुऊन, इस्त्री करून, किंमत लिहून मांडावे. विकणाऱ्याचे पैसे त्याच दिवशी त्याच्या हातात द्यावेत. ज्याला ते गरिबांसाठी द्यायचे असतील त्याने दानपेटीत टाकावेत, पण कोणी टाकले व कोणी घरी नेले याची नोंद ठेवू नये. कोण का विकतो हे विचारू नये. संपन्न घरांनी आपलेही कपडे तेथे मांडावेत, म्हणजे विकणारा तो गरजवंत असा शिक्का कोणावर बसणार नाही. आणि कपडे गोळा करण्याच्या पेटीवर एकच सूचना लावावी: जे उद्या स्वतः घालून मिस्सेला याल, तेच येथे टाका.

ज्या भगिनींनी त्या रविवारी आवारात निवाडा दिला, त्याही हे अंक वाचतात. त्यांना आमची विनंती आहे की पुढच्या रविवारी मागच्या बाकाजवळ जावे, आणि तिला शेजारी बसवून घेऊन पुढे यावे. झग्याचा विषय काढण्याची गरज नाही.