बूट, मोजे आणि बाकीचं नंतर

परत पळायला लागायचं ठरवलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल मी? लॅपटॉप उघडून एक्सेल शीट बनवली. एका रकान्यात बुटाचं नाव, दुसऱ्यात सोलची जाडी, तिसऱ्यात टाच आणि चवड्यातला मिलिमीटरचा फरक, चौथ्यात किंमत. आयटीवाल्यांची खोड, दुसरं काय! रात्री साडेबारापर्यंत रिव्ह्यू वाचले आणि सकाळी अर्थातच उठले नाही.

२०२१ मध्येही हेच केलं होतं. तेव्हा तर जीपीएसचं घड्याळ, पोटऱ्यांना घट्ट बसणारे मोजे, कमरेचा पट्टा असं सगळं घेतलं. घड्याळ दर किलोमीटरला वेग सांगायचं आणि मी त्या आकड्याशी भांडत पळायचे. पाचव्या आठवड्यात नडगी अशी दुखायला लागली की जिना उतरवेना. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "घाई कसली होती?" त्यानंतर पळणं सुटलं ते सुटलंच.

यंदा बाबांची अँजिओप्लास्टी झाली. नंतर डॉक्टरांनी दादाला आणि मला सहज विचारलं, तुम्ही दोघं व्यायाम काय करता? दोघंही फरशीकडे बघत बसलो. त्यामुळे या वेळी मला थांबायचं नाहीये.

तर माझं मत असं झालंय की सुरुवातीला फक्त तेच सामान घ्यावं, ज्याच्यावाचून कुठेतरी दुखतं किंवा सोलवटतं. जे नुसते आकडे देतं ते नंतर.

माझ्या यादीत पहिला नंबर बुटांचाही नाही, चांगल्या स्पोर्ट्स ब्राचा आहे. 'पळण्यासाठी फक्त बूट लागतात' असं म्हणणारा माणूस हमखास पुरुष असतो. असो.

मग बूट. कपाटातले जुने काढले तर दिसायला नवेकोरे, पण दुसऱ्याच दिवशी सोल निघून हातात आला. न वापरताही काही पावसाळे गेले की गोंद सुटतो. दुकानात संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पळताना घालणार तेच मोजे घालून उभं राहा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचा पाय आत वळतो, हे वरचं मॉडेल घ्या." कॅलगरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी सहकाऱ्यांबरोबर २०१५ मध्ये मांडलं होतं की पायाच्या वळण्याचा एवढा बाऊ करू नये, जो बूट पायाला सुखाचा वाटतो तो घ्यावा. मी तीन जोड घालून दुकानातच येरझाऱ्या घातल्या आणि मधल्या किमतीचा घेतला. शीटमध्ये तो सहावा होता!

मोजे मात्र सुती नकोत. घाम धरून ठेवतात आणि फोड येतात. जुना टी-शर्ट चालतो, लांब पळायचं नसेल तोवर.

आता कोणीतरी म्हणेलच की अबेबे बिकिला १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकला. खरंय. पण १९६४ ला टोकियोत तोच बूट घालून पळाला आणि आणखी कमी वेळात जिंकला. आपल्या लता करे २०१४ मध्ये बारामतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, तेही लोक फॉरवर्ड करतात. त्या नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवे होते म्हणून धावल्या. बूट लागत नाहीत हे दाखवायला नव्हे. त्या गोष्टीतून हा अर्थ काढायची मला तरी लाज वाटते.

घड्याळ सध्या ड्रॉवरमध्ये आहे. वेग किती हे बोलून कळतं: धापा न टाकता एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक, नाहीतर हळू. तळजाईवर एकटीच पुटपुटत असते, लोक बघतात. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं वीस-पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीनदा. फार हळू वाटतं, मान्य. पण सहावा आठवडा चालू आहे आणि नडगी गप्प आहे.

काल पावसात बूट चिंब झाले. आत जुनं वर्तमानपत्र कोंबून पंख्याखाली ठेवलेत. दादा उद्या येतो म्हणालाय, ऑफिसच्या बुटांवर. त्याला आज संध्याकाळी दुकानात न्यायचंय.