रोग्यानें बोलावें कीं न बोलावें?

वैद्यापुढें फार बोलूं नये, असा एक संस्कार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. गुरु, न्यायाधीश आणि वैद्य यांनीं विचारावें तेवढेंच सांगावें. उलट प्रश्न करणें हा उद्धटपणा होय, अशी आपली समजूत. पहिल्या दोघांविषयीं आम्ही येथें कांहीं म्हणत नाहीं. (उभें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें गुरुजनांविषयींचें आमचें मत पक्षपाती ठरावयाचें!) परंतु वैद्यांच्या बाबतींत, आणि त्यांतही हृदयविकाराच्या बाबतींत, ही समजूत घातक आहे असें आमचें स्पष्ट मत आहे.

ही शिकवण आपल्या शास्त्राची आहे असें कोणी म्हणेल, तर तेंही खरें नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील नवव्या अध्यायांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येक पादाचे पुन्हां चार गुण आहेत. रोग्याच्या गुणांत वैद्य सांगेल तसें वागणें हा एक गुण आहेच. पण त्याच्या जोडीला स्मृति, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे आणखी तीन आहेत. रोग्यानें आठवण ठेवावी, भिऊं नये, आणि आपणांस काय होतें तें नीट कळवावें. आपण चारांपैकीं एक उचलला व तीन सोडून दिले.

हृदयाच्या विकारांत हें ज्ञापकत्व फार मोलाचें. ईसीजी हा कांहीं सेकंदांचा आलेख होय. जिना चढतांना येणारी कळ निजवून काढलेल्या आलेखांत दिसेलच असें नाहीं. मधूनच चुकणारी नाडी नेमक्या त्या वेळीं सुरळीत चालत असेल, तर तीही सांपडावयाची नाहीं. म्हणून कागद निर्दोष म्हणजे हृदय निर्दोष, असें होत नाहीं. छातींत कळ आल्यावर पहिला आलेख व रक्तांतील ट्रोपोनिनची तपासणी ठीक आली, तरी कांहीं वेळानें त्या पुन्हां करण्याची रीत आहे. ‘त्या पुन्हां करावयाच्या काय?’ एवढें विचारण्यांत उद्धटपणा तो कसला?

स्त्रियांच्या बाबतींत तर न बोलण्याची किंमत अधिकच. त्यांच्यांतही छातींतील कळ हेंच मुख्य लक्षण. पण धाप, मळमळ, पाठींत किंवा जबड्यांत दुखणें, विलक्षण थकवा हीं लक्षणें त्यांच्यांत पुरुषांपेक्षां अधिक वेळां जोडीला असतात, आणि तीं आम्लपित्ताच्या किंवा ‘काळजी फार करते’ या खातीं जमा होतात. बर्नाडीन हीली या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ बाईंनीं १९९१ सालीं या अन्यायावर लेख लिहिला: आपला रोग पुरुषासारखाच आहे हें सिद्ध करून दाखवीपर्यंत स्त्रीला पुरुषासारखा उपचार मिळत नाहीं, असा त्याचा रोख होता.

आमच्या वहिनींना हाच अनुभव आला. वय ७१. धाप लागूं लागली म्हणून पुतण्या त्यांना घेऊन गेला. डॉक्टरांनीं विचारलें, “काय होतंय, आजी?” उत्तर पुतण्यानें दिलें: अ‍ॅसिडिटी! गोळ्या घेऊन दोघें परत आलीं. दुसऱ्या खेपेस धाकटी सून निघाली. तिनें आदल्या रात्रीं सासूबाईंजवळ बसून एका पाठकोऱ्या कागदावर त्यांच्याच शब्दांत उतरून घेतलें: ‘दिवाळींत जिना एका दमांत चढत होतें. आतां पांचव्या पायरीवर थांबावें लागतें. थांबलें कीं दोन मिनिटांत बरें वाटतें. कळ जबड्यापर्यंत जाते. जेवणाशीं तिचा संबंध नाहीं.’ खालीं चालू औषधांचीं नांवें व प्रमाण. डॉक्टरांसमोर सून गप्प बसली. बोलल्या त्या वहिनी. डॉक्टर तेच होते. कागद त्यांनीं दोनदां वाचला, आणि त्याच दिवशीं पुढील तपासण्यांस धाडलें. एक रोहिणी बरीच अरुंद झालेली निघाली.

मग स्टेंटची गोष्ट निघाली. येथें एक भेद वाचकांनीं पक्का ध्यानीं धरावा. हृदयाचा झटका चालू असेल, तर वादविवादाची ती वेळ नव्हे. महाराष्ट्रांत १०८ वर दूरध्वनि करून ताबडतोब रुग्णालय गांठावें. रोहिणी पूर्ण बंद पडली असतां जितका वेळ जाईल तितका हृदयाचा स्नायु मरतो. उलट दुखणें स्थिर असेल, तर विचारास सवड असते. २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ नांवाच्या अभ्यासांत ३७ देशांतील ५,१७९ रुग्ण होते. आधीं औषधें देऊन पाहणें आणि आरंभींच शस्त्रक्रिया वा स्टेंट यांकडे वळणें, या दोहोंत मृत्यूच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं. ज्यांना कळ येत होती त्यांची कळ मात्र दुसऱ्या मार्गानें अधिक कमी झाली. डावी मुख्य रोहिणी अरुंद असलेले रुग्ण त्यांत घेतलेले नव्हते. वहिनींनीं एवढेंच विचारलें, “माझें दुखणें यांतलें कोणतें? आणि थांबलें तर काय होईल?” डॉक्टरांनीं चित्र काढून समजाविलें, व आधीं औषधें देऊन पाहावयाचें ठरलें.

बोलावें म्हणजे भ्रमणध्वनीवर आलेलीं चार पत्रकें डॉक्टरांच्या तोंडावर फेकावीं असें नव्हे. तें ज्ञापकत्व नव्हे, वाचाळत्व होय. तसेंच शंका आली म्हणून परस्पर गोळ्या बंद करणें याला आम्ही अभीरुत्व म्हणणार नाहीं. स्टेंट बसविलेल्या माणसानें दांत काढावयाचा म्हणूनही रक्त पातळ ठेवणारीं औषधें हृदयाच्या डॉक्टरांस विचारल्यावांचून थांबवूं नयेत.

प्रश्न विचारल्यावर रागावणारे डॉक्टरही असतात. तेथें वाद न घालतां दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घ्यावें. त्यासाठीं मात्र जुने कागद हातीं हवेत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांप्रमाणें रुग्णालयांत राहिलेल्या रोग्यानें आपले कागद मागितल्यास ते ७२ तासांच्या आंत द्यावे लागतात. अर्ज लेखी करावा, त्यावर तारीख घालावी, आणि पोंच घेतल्यावांचून खिडकीपासून हलूं नये.