घरांतील पहिली रायफल

छत्रपति संभाजीनगराहून एका गृहस्थांचें लांबलचक पत्र या सदरासाठीं आलें आहे. त्याचा मथितार्थ असा कीं, त्यांच्या एकत्र कुटुंबांतील सतरा वर्षांच्या मुलानें रायफलचा ध्यास घेतला आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें स्वप्नील कुसाळे यांना कांस्यपदक मिळालें, त्या दिवसापासून त्याला दुसरें कांहीं सुचत नाहीं. त्याला बोल्ट-ॲक्शनची आणि वर दुर्बीण बसविलेली रायफल हवी आहे. थोरले बंधु म्हणतात, पोराचा उत्साह मोडूं नये. आणि आजींचें म्हणणें असें कीं, ज्या घरांत लहान पोरें रांगत आहेत तेथें बंदूक नको. त्यांतच घरांत एक लग्न निघालें आहे, तेव्हां खर्चास मर्यादा. “बेताच्या खर्चांत कोणती घ्यावी?” असा त्यांचा प्रश्न आहे.

शिवण्याचें यंत्र किंवा पाण्याचा पंप घेतांना जी गोष्ट या सदरांत आम्ही वारंवार सांगतों तीच येथेंही लागू आहे: वस्तु कोणती याआधीं काम कोणतें तें ठरवावें. कुसाळे यांना ज्या प्रकारांत पदक मिळालें तो ५० मीटर रायफलचा तीन आसनांचा प्रकार होय. गुडघा टेकून, पालथें पडून आणि उभ्यानें, प्रत्येक आसनांत २० याप्रमाणें पहिल्या फेरींत ६० गोळ्या झाडावयाच्या. रायफल .२२ बोअरची, बोल्ट-ॲक्शनची, एका वेळीं एकच काडतूस घेणारी. येथवर मुलाची माहिती बरोबर आहे. पण तिच्यावर दुर्बीण नसते! भिंगांनीं लक्ष्य मोठें करून दाखविणारें साधन आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें या खेळांत चालत नाहीं. डोळ्यापाशीं बारीक भोकाची एक चकती आणि नळीच्या टोकाशीं एक गोल कडें. भोकांतून कडें पाहावयाचें आणि कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल आणून ठेवावयाचा. त्या गोलांतील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. दुर्बीण असलीच तर ती शेजारच्या तिवईवर, गोळी कोठें लागली तें पाहण्यापुरती. आणि मोठ्या सामन्यांत आतां तेंही काम समोरचा पडदा करतो. म्हणजे पत्रलेखकांच्या यादींतील एक मोठी रक्कम येथेंच खालीं आली.

बोल्ट म्हणजे दाराचा अडसर समजावा. दांडा वर करून मागें ओढला कीं नळीचें मागील तोंड उघडतें. पुढें ढकलून खालीं दाबला कीं काडतुसाच्या पाठीशीं तो पक्का बसतो. गोळी सुटतांना आंत दुसरें कांहीं हलत नाहीं, काडतूस दर वेळीं त्याच जागीं त्याच घट्टपणानें बसतें, आणि नेमकेपणाचें मर्म यांतच आहे. आपोआप भरणाऱ्या बंदुकीपेक्षां ही स्वस्तांत चांगली होते तीही याच कारणानें, कीं तिच्यांत भाग थोडे.

आतां कायद्याकडे वळूं, कारण आपल्या देशांत रायफलची निवड प्रथम कायदा करतो आणि मग खिसा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें २१ वर्षें पुरीं झाल्यावांचून कोणासही स्वतः बंदूक घेतां किंवा बाळगतां येत नाहीं. त्याआधीं शिक्षणाच्या ओघांत, ठरलेल्या अटींवर ती वापरण्याची मुभा आहे. पत्रलेखकांच्या मुलास अद्याप चार वर्षें आहेत. .२२ ची रायफल ही खरी बंदूक आहे, खेळणें नव्हे. तिला परवाना लागतो, आणि तो शहरांत पोलीस आयुक्तांकडे व ग्रामीण भागांत जिल्हाधिकाऱ्यांकडे मागावा लागतो. परदेशांतून मागविण्याचा विचार तर सोडूनच द्यावा. ती सवलत नांव मिळविलेल्या नेमबाजांसाठीं आहे. शिकारीचें कारण कोणी पुढें करील, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणें तो मार्ग आतां बंद आहे. दुर्बिणीची लांब पल्ल्याची रायफल घेऊन मराठवाड्यांतील सामान्य गृहस्थ ती झाडणार कोठें, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं.

कोणी आप्त .३१५ बोअरची सुचवितील. तिची हकीकत मोठी गमतीची आहे. इंग्रजांच्या काळीं .३०३ हें लष्कराचें काडतूस असल्यामुळें तें सामान्य नागरिकांस वर्ज्य होतें. मग तशाच बांध्याच्या रायफलला एका ऑस्ट्रियन लष्करी काडतुसाचें माप देऊन ती बाजारांत आणली गेली. बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें ती पुढें बनविली आणि तिचीं काडतुसें आपल्या खडकीच्या कारखान्यांतून निघत आलीं. शेतावर राखणीला ती ठीक. पण नेमबाजी शिकावयास तिचा धक्का मोठा, काडतूस महाग, आणि नवशिक्याचा खांदा दुखूं लागला कीं घोडा दाबतांना तो डोळे मिटूं लागतो. ही संवय एकदां जडली कीं सोडवितां सोडवत नाहीं.

मग घ्यावें काय? आमचें स्पष्ट मत असें कीं, प्रथम .१७७ बोअरची हवेची रायफल घ्यावी. २० ज्यूलच्या आंतील जोराची आणि या बोअरची असेल तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणें तिला परवाना लागत नाहीं. दहा मीटरची मोकळी जागा आपल्या जुन्या वाड्यांतून सहज निघते. हा कांहीं पोरखेळ नव्हे. ऑलिंपिकच्या दहा मीटर प्रकारांत दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यावर ४.५ मिलिमीटरची शिशाची गोळी बसवावयाची असते. अभिनव बिंद्रा यांनीं २००८ सालीं सुवर्णपदक मिळविलें तें याच प्रकारांत. नळी मोडून स्प्रिंग दाबण्याची रायफल सर्वांत स्वस्त पडते. पण तिचा दट्ट्या गोळी सुटण्यापूर्वींच पुढें धांवतो आणि रायफल हातांत दोनदां हिसका खाते. चार पैसे अधिक घालतां आले तर दाबलेल्या हवेच्या नळकांड्याची, जुनी कां होईना, सामन्यांत वापरलेली रायफल पाहावी. तिला हिसका जवळजवळ नसतो, आणि चूक झाली तर ती नेमबाजाचीच असते, यंत्राची नव्हे, हें लगेच कळतें.

.२२ चा सराव या चार वर्षांत क्लबाच्या रायफलवर करावा. गारखेड्याच्या विभागीय क्रीडासंकुलांत प्रथम चौकशी करावी. पुण्यास जाणें होत असेल तर बालेवाडीचें मैदान एकदां मुलाला अवश्य दाखवावें. राज्य संघटनेशीं जोडलेल्या क्लबाचें सभासदत्व पुढें परवान्याच्या अर्जासही उपयोगी पडतें.

खर्चाविषयीं एक गोष्ट मात्र सर्व कुटुंबानें एकत्र बसून ऐकावी. कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीचे, वडील शिक्षक. मुलाच्या नेमबाजीपायीं त्यांनीं कर्ज काढलें, आणि तें काडतुसांसाठींही काढावें लागलें, हें त्या वेळीं वृत्तपत्रांतून सर्वांनीं वाचलें आहे. रायफल एकदांच घ्यावयाची, काडतुसें रोज. आठवड्यास चार दिवस आणि दिवसाला ६० गोळ्या असा बेताचा सराव धरला तरी आठवड्याच्या २४० होतात. वर्षाचे ५० आठवडे धरून १२,०००, म्हणजे ५० च्या २४० पेट्या. आपल्या गांवच्या विक्रेत्याचा आजचा भाव घेऊन हा गुणाकार घरींच करावा. अनेकांचा बेत याच गुणाकारापाशीं बदलतो, आणि तो पहिल्याच महिन्यांत बदललेला बरा. हवेच्या रायफलच्या गोळ्या या मानानें फार स्वल्प किंमतींत पडतात. तीच पहिली घ्यावी असें आम्ही म्हणतों त्याचें हें अर्धें कारण.

रायफलवरील पैसा थोडा कमी करून जाड कॅनव्हासचा कोट, हातमोजा आणि खांद्याचा पट्टा यांकडे वळवावा. नवशिक्याचें शरीर डोलतें. कोट तें सांवरतो. कोट मापाचाच हवा, वाढत्या वयाचा म्हणून दोन बोटें ढगळ शिवून घेण्याची आपली जुनी काटकसर येथें उपयोगाची नाहीं.

खरेदीपूर्वीं एक परीक्षा घरीं करावी. दोन्ही हात लांब करून पंजे एकमेकांवर असे ठेवावे कीं मध्यें लहानसें भोक राहील. त्यांतून दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगणांतील तुळशीवृंदावन पाहावें, आणि मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असतांना वृंदावन भोकांतच राहतें तो प्रबळ डोळा. उजव्या हातानें जेवणाऱ्या मुलाचा डावा डोळा प्रबळ निघणें मुळींच विरळा नाहीं. अशा मुलास उजव्या खांद्याची रायफल घेऊन दिली तर तो वर्षभर मान वाकडी करून बसतो आणि घरचे म्हणतात, याला जमत नाहीं. तसेंच कोपर काटकोनांत दुमडून दस्ता कोपराच्या खांचेंत टेकवावा. बोटाचें पहिलें पेर घोड्यापर्यंत सहज पोंचलें पाहिजे. गालाची फळी आणि दस्त्याची लांबी पुढेंमागें सरकणारी असेल तर वाढत्या मुलास तीच रायफल अनेक वर्षें पुरते.

पुढें २१ वर्षें पुरीं झाल्यावर .२२ जुनी घेण्याची वेळ येईल. तेव्हां ती रिकामी आहे हें स्वतः पाहून, बोल्ट काढून, नळींतून उजेडाकडे पाहावें. आंतील पीळदार खांचा कडेपर्यंत स्वच्छ दिसल्या पाहिजेत. नळीच्या तोंडाची कड फार जपून तपासावी. तेथें साधा ओरखडा असला तरी गोळी बाजूस जाते. मग टेकूवर ठेवून ५० मीटरवर पांच-पांच गोळ्यांचे चार-पांच झुबके पाडून पाहावे, तेही निरनिराळ्या काडतुसांनीं, कारण प्रत्येक नळीचें एका विशिष्ट काडतुसाशींच सूत जमतें आणि तें महागांतलेंच असेल असें नाहीं. एका सुंदर झुबक्यावर भुलूं नये. सर्वांत वाईट झुबका काय सांगतो तें ऐकावें. व्यवहार परवानाधारकाशींच, आणि विकणाऱ्यानें जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावें लागतें, हें धरूनच मुदत ठरवावी.

मुलाचें मन दुर्बिणीवरून हटतच नसेल, तर सामन्याबाहेर मौजेखातर हवेच्या रायफलवर ती बसवितां येते. पण स्प्रिंगच्या रायफलच्या दुहेरी हिसक्यानें मोठ्या बंदुकीची महागडी दुर्बीणही खिळखिळी होते. हवेच्या रायफलसाठीं म्हणून बनविलेलीच मागावी. दुसरें असें कीं, मोठ्या बंदुकीच्या दुर्बिणी बहुधा शंभर यार्डांवर जुळविलेल्या असतात. दहा मीटरवर त्यांतून पाहतां डोळा जरा हलला कीं तारांची फुलीही लक्ष्यावर सरकते. म्हणून पुढील भिंग जवळच्या अंतरास जुळवितां येणारी दुर्बीण हवी. वर्धन चारपट पुरे. दुकानदार आंकडे फुगवून सांगतो. आपण भिंगाच्या व्यासास वर्धनानें भागावें. ४० मिलिमीटरच्या भिंगाला दहापट वर्धन असेल तर डोळ्याशीं येणारा प्रकाशाचा झोत ४ मिलिमीटरचा, चारपट असेल तर १० मिलिमीटरचा. दिवसा डोळ्याची बाहुलीच दोन-चार मिलिमीटर उघडते, तेव्हां याहून मोठ्या भिंगाचे पैसे फुकट. नेम सरकविण्याची चावी एका टिचकीस पाव कला फिरते असें लिहिलेलें असतें. एक कला म्हणजे १०० मीटरवर सुमारें २.९ सेंटिमीटर, म्हणून एका टिचकीनें तेथें सात मिलिमीटर आणि ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटर फरक पडतो.

राहिला आजींचा आक्षेप. तो आम्हांस सर्वस्वी रास्त वाटतो. हवेची रायफलही डोळा फोडूं शकते. कुलपाचें कपाट, आणि किल्ली घरांतील एकाच वडीलधाऱ्या माणसापाशीं, असा नियम रायफल आणण्यापूर्वीं ठरावा, पुढें.२२ आली तर बोल्ट एका जागीं, काडतुसें दुसऱ्या जागीं. लक्ष्याच्या मागें गोळी अडविणारी लोखंडी पेटी असावी, आणि सराव चालू असतां त्या बाजूचें दार बाहेरून कोणास उघडतां येऊं नये. गोळ्या शिशाच्या असतात; हात साबणानें धुतल्यावांचून स्वयंपाकघरांत पाऊल नको आणि रांगतें पोर उचलणें नको, लक्ष्याजवळचा केर ओल्या फडक्यानेंच टिपावा. खंडेनवमीस रायफल पाटावर मांडावयाची तर ती रिकामी आहे हें दोघांनीं पाहून मांडावी. आणि पुढें घरांत परवान्याची बंदूक आली तर लग्नाच्या वरातींत ती बाहेर निघतां कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीनें आनंदाच्या गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे.

पत्राच्या शेवटीं बारीक अक्षरांत एक ओळ आहे: “धाकट्या भावाची मुलगीही मागें लागली आहे, पण तिचें पुढें पाहूं.” कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्यूनिक येथें पालथ्या आसनाच्या ५० मीटर रायफलमध्यें जगज्जेत्या झाल्या. सरकत्या दस्त्याची एक रायफल दोघांस पुरेल, कोट मात्र दोन लागतील. वृंदावनाची ती परीक्षा दोघांचीही एकाच दिवशीं घ्यावी.