भंगारात टाकण्याआधी एक पेनड्राइव्ह लावून पाहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आपल्या उर्दू-मराठी शाळांतले अनेक जुने कॉम्प्युटर विंडोज ११ पेलू शकत नाहीत. म्हणून ते भंगारात काढायचे का? माझे मत, नाही.

बॅरी कौलर यांनी २००३ मध्ये ऑस्ट्रेलियात पपी लिनक्स तयार केले. काही शे एमबीची ही प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू होते आणि रॅममध्ये चालते. हार्डडिस्क बिघडलेली असली तरी चालते. मूळ प्रणालीला धक्का लागत नाही; आपले बदल पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या सेव्ह फाइलमध्ये जमा होतात.

शिक्षक म्हणून मला हीच सोय मोलाची वाटते. नस्तालीक आणि देवनागरीचे मोफत नोटो फॉन्ट, दोन्ही कीबोर्ड आणि लिब्रेऑफिस एकदाच बसवा. मग त्या पेनड्राइव्हच्या प्रती काढून मुलांना द्या. अब्बूंच्या दुकानातला जुना कॉम्प्युटरही संध्याकाळी मुलीच्या अभ्यासाला येईल. सोय नसली की मुले उर्दूही रोमनमध्ये लिहितात आणि मराठीही. लिपी अशीच हातातून सुटते.

मर्यादाही सांगायला हव्यात. पपीमध्ये आपण सहसा 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी म्हणून काम करतो. त्यामुळे बँकेचे व्यवहार त्यावर नकोत. पेनड्राइव्ह हरवतो, खराबही होतो. दुसरी प्रत ठेवावीच.

नव्या लॅबसाठी देणगीची वाट जरूर पाहावी. पण तोवर मुलांची वर्षे थांबत नाहीत.