हाऊसिंगमधले तेल

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. पूर ओसरल्यावर त्या रस्त्याने आधी जातात त्या आरोग्य खात्याच्या, वन खात्याच्या आणि धान्य पोहोचवणाऱ्या गाड्या. एटापल्ली, कोरची, धानोरा, सिरोंचा, कुठेही डांबर सोडून आत वळले की रपटे, नाले आणि ओली माती सुरू होते. अशा ठिकाणी गाडी फसते ती सहसा इंजिनात दम नसतो म्हणून नव्हे. मागच्या दोनपैकी एक चाक जागच्या जागी गरगर फिरत राहते आणि दुसरे हलतच नाही, म्हणून फसते.

हा दोष साध्या डिफरन्शियलच्या रचनेतच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरण्याची मुभा तो देतो. ताकद मात्र दोघांना सारखीच वाटतो. चिखलातले चाक फिरवायला जेमतेम जोर लागतो, आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही मग तेवढाच मिळतो. यावरचा उपाय नवा नाही. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांची चाके जागीच घसरत, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ मध्ये झेडएफ कंपनीकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शियल बनवून घेतला. त्याच्या प्रचलित प्रकारात चकत्यांचा एक गठ्ठा असतो. चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात, घर्षणामुळे एका चाकाला मनमानी फिरू देत नाहीत आणि जोर दुसऱ्याकडे वळवतात.

आपल्याकडे टाटा सफारी स्टॉर्मच्या काही मॉडेलांत लिमिटेड स्लिप होता. २०२० ची थार आणि २०२१ ची बोलेरो निओ यांच्या काही मॉडेलांत ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतो. या गाड्या आता चंद्रपूर-गडचिरोलीत सर्रास दिसतात. गॅरेजमध्ये मात्र अजूनही एकच हुकूम चालतो: हाऊसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या कवचात, नव्वद नंबर तेल टाका. आमचा आक्षेप या सवयीला आहे.

नव्वद हा आकडा तेल किती घट्ट आहे एवढेच सांगतो. त्यात कोणती रसायने आहेत हे सांगत नाही. हाऊसिंगमधल्या क्राऊन आणि पिनियन या गिअरांचे दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घासतही जातात. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची संयुगे लागतात, आणि डब्यावर जीएल-५ लिहिलेले असते. साध्या हाऊसिंगला एवढे पुरते. चकत्यांच्या लिमिटेड स्लिपला पुरत नाही. तिथे घर्षण हवे, पण ते सुरळीत हवे. साध्या तेलात चकत्या क्षणभर चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. सावकाश वळण घेताना मागून गुरगुर किंवा कटकट ऐकू येते, हादराही बसतो. यासाठी तेलात घर्षण नेमके ठेवणारे रसायन मिसळतात आणि डब्यावर एलएस ही अक्षरे छापतात. ८०डब्ल्यू-९० आणि ८०डब्ल्यू-९० एलएस ही दोन वेगळी तेले आहेत. हे रसायन वेगळ्या बाटलीतही मिळते, पण एलएस तेलात वरून आणखी ओतले तर चकत्या गरजेपेक्षा जास्त निसटतात. मग लिमिटेड स्लिप असून नसल्यासारखा.

आता खरी गोम. ईटनच्या लॉकरला हा नियम लागू नाही. दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांचा फरक पडला की त्यातली वजने बाहेर फेकली जातात आणि दोन्ही चाके एकमेकांना जखडली जातात. त्या वेळी मागून ‘खट्ट’ असा आवाज येतो. तो बिघाड नव्हे, ते त्याचे काम आहे. मात्र तो आवाज घालवायला कुणी घर्षण कमी करणारी बाटली ओतली, तर लॉक होण्याची क्रियाच मंदावते. म्हणजे एका गाडीला जे औषध, तेच दुसरीला अपाय. डब्यावरचा नंबर पाहण्याआधी हाऊसिंगच्या आत काय आहे हे विचारले पाहिजे. ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, तेलाचा दर्जा आणि मापही तिथेच असते.

चंद्रपूरच्या उन्हाचा दाखला देऊन १४० नंबर भरण्याचाही प्रघात आहे. पारा ४७ वर गेला तरी त्याची गरज नसते, कारण नव्वद हा नंबर मुळात १०० अंश सेल्सिअसला तेल किती वाहते यावरूनच ठरतो. ८०डब्ल्यू हा भाग कडाक्याच्या थंडीसाठी आहे, आपल्याकडे त्याने फारसा फरक पडत नाही. कायम ओझे वाहणाऱ्या गाडीला घट्ट तेल लागत असेल तर तसे कंपनीच सांगते. आपल्या मनाने जाड तेल भरले तर गाडी जड ओढते, डिझेल जास्त लागते.

या दोन जिल्ह्यांत तेलाचा खरा शत्रू ऊन नसून पाणी आहे. दूरवरून आलेल्या गाडीचे हाऊसिंग तापलेले असते. ते तसेच नाल्यात बुडाले की आतली हवा आकसते, आणि वरच्या ब्रीदरमधून किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधाळ होते, बेअरिंग गंजतात, चकत्यांची पकड बिघडते. चाके बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी गेली असेल, तर तेल बदलायचे ठरलेले किलोमीटर पूर्ण होण्याची वाट न पाहता तेल तपासावे. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे, मगच खालचा सोडावा. वरचा गंजून अडकला असेल तर रिकामे हाऊसिंग भरणार कसे? खालच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी लेप असणे नेहमीचे आहे, धातूचे तुकडे असणे नाही. नवे तेल छिद्राच्या काठापर्यंत भरावे. लिमिटेड स्लिप असेल तर मोकळ्या जागेत सावकाश इंग्रजी आठच्या आकाराच्या काही फेऱ्या माराव्यात, म्हणजे तेल चकत्यांत मुरते.

सरकारी गाड्यांच्या नोंदवहीत इंजिन ऑइलची तारीख लिहितात. हाऊसिंगमध्ये कोणते तेल पडले आणि गाडी कधी पाण्यातून गेली, यासाठी दोन रकाने वाढवायला पैसे लागत नाहीत. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी येत्या पावसाळ्याआधी ते वाढवून घ्यावेत.