पतंगाचा पत्ता लिहून ठेवा

पावसाळा आला की सह्याद्रीच्या भागातून वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : ‘अमक्या गावी दुर्मिळ ॲटलास पतंग आढळला.’ सोबत तांबूस रंगाच्या, वीतभर पंखविस्ताराच्या पतंगाचे छायाचित्र असते. बातमी वाचून आनंद होतो. पण ‘दुर्मिळ’ या शब्दापाशीच ती थांबते. माझ्या मते पहिला प्रश्न ‘किती दुर्मिळ?’ हा नसून ‘नेमका कोठला?’ हा असला पाहिजे.

या पतंगाच्या प्रौढ अवस्थेत त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. सुरवंट असताना पाने खाऊन साठविलेल्या चरबीवर तो जेमतेम आठवडा-दोन आठवडे जगतो, आणि वावरतो तोही रात्री. त्यामुळे तो क्वचित दिसतो. परंतु क्वचित दिसणे म्हणजे संख्येने कमी असणे नव्हे.

आता त्याच्या नावाकडे वळू. लिनीअसने १७५८ साली ‘ॲटलास’ हे नाव दिले. पुढे १८८०च्या दशकात फ्रेडरिक मूर यांनी श्रीलंकेतील पतंगाला ‘टाप्रोबॅनिस’ म्हटले. टाप्रोबेन हे त्या बेटाचे प्राचीन ग्रीक नाव. दक्षिण भारतातील पतंगही याच नावाखाली येतो. काहींनी त्याला ॲटलासची उपजाती मानले, तर काहींनी स्वतंत्र जाती. एकाच जातीचे, पण निरनिराळ्या प्रदेशांत राहणारे आणि रूपाने थोडे वेगळे झालेले गट म्हणजे उपजाती. म्हणजेच उपजातीच्या कल्पनेत प्रदेश आलाच. पत्ता नसलेला नमुना कितीही देखणा असला, तरी या वादात तो साक्ष देऊ शकत नाही.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळचे पठार नकाशात पाहा. ते उत्तर सह्याद्रीत आहे. दक्षिणेकडील पतंग उत्तरेस कोठवर पोचतो, हे ठरविताना अशा ठिकाणची प्रत्येक नोंद मोलाची आहे. सूर्यमाळ, जव्हार वा खोडाळा येथील शाळेच्या भिंतीवर सकाळी असा पतंग बसलेला दिसला, तर ‘ॲटलास सापडला’ एवढे म्हणून भागणार नाही.

‘हे तज्ज्ञांचे काम, मुलांनी काय करायचे?’ असे काही शिक्षक म्हणतील. जाती ठरविणे तज्ज्ञांचे काम, हे खरेच. पण मुंबईचा किंवा पुण्याचा तज्ज्ञ दर पावसाळ्यात प्रत्येक पाड्यावर कसा पोचणार? तेथे तुम्हीच असता. पतंगाला हात लावू नका, टाचणी तर मुळीच टोचू नका. शेजारी मोजपट्टी धरून समोरून छायाचित्र घ्या. तारीख, वेळ, गाव, पाडा आणि जवळची झाडे शाळेच्या वहीत लिहा. पेरू, लिंबू किंवा दालचिनीच्या झाडावर याचे सुरवंट दिसले, तर झाडाचे नावही लिहा. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या पुणे केंद्राकडे पाठवा.

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. तारीख-गावासह लिहिलेली ओळ मात्र पन्नास वर्षांनीही अभ्यासकाच्या उपयोगी पडते. या पावसाळ्यात अशी एक वही तुमच्या शाळेत सुरू झालीच पाहिजे.