सरकारी ऑफिसच्या छतावर सोलर आलं, पण आतल्या पंख्यांचं काय?

दाखला काढायला सरकारी कचेरीत गेलात की रिकाम्या खुर्च्यांवर गरगरणारे पंखे हमखास दिसतात. आता काही कचेऱ्यांच्या छतावर सोलर पॅनेलही दिसू लागलीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम सूर्यघर योजना मंजूर केली, तेव्हा चर्चा झाली ती १ कोटी घरांची. पण केंद्र सरकारच्या सगळ्या इमारतींवर २०२५ पर्यंत सोलर बसवायचं, हेही त्याच निर्णयात होतं.

मग प्रश्न सुटला का?

थोडं गणित करूया. आपल्याकडची बहुतांश वीज अजूनही कोळशावर तयार होते. त्यामुळे ग्रिडमधलं १ युनिट वापरलं की सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता समजा, एका कचेरीत ५०० जुने पंखे आहेत. जुना पंखा साधारण ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॅट. आठ तासांच्या कामाच्या दिवशी फरक पडतो १८० युनिटचा, म्हणजे जवळपास १२६ किलो कार्बन डायऑक्साइडचा. एवढीच वीज सोलरने बनवायची तर ४५ किलोवॅटची पॅनेल लागतील आणि त्यांच्यासाठी साडेचार हजार चौरस फुटांच्या आसपास मोकळं छत. सोलर रविवारीही वीज बनवतं, हे खरं. पण पाच-सहा मजली इमारतीला छत एकच असतं.

दिल्लीतल्या इंदिरा पर्यावरण भवनाने २०१४ मध्येच हा क्रम दाखवून दिला होता. तिथे आधी विजेची गरजच कमी होईल असा आराखडा केला, भरपूर नैसर्गिक उजेड आत घेतला आणि उरलेल्या गरजेसाठी ९३० किलोवॅटचं सोलर लावलं. ती इमारत नवी होती, हे मान्य. पण पंखे बदलायला इमारत पाडावी लागत नाही.

मग अडतं कुठे?

माझ्या मते, पैशाच्या हिशेबात. वीजबिलात वाचलेली रक्कम त्या कार्यालयाच्या हाती राहत नाही. ३१ मार्चला अखर्चित निधी परत जातो, वर पुढच्या वर्षीची तरतूद कमी होण्याची भीती. मग साहेबांनी पंखे बदलायचा खटाटोप का करावा? (फोटोही छतावरच्या पॅनेलचाच चांगला येतो.)

यावर उपाय म्हणून 'एस्को' मॉडेल आहे. केंद्राच्या अखत्यारीतली ईईएसएल कंपनी याच पद्धतीने काम करते. उपकरणांचा खर्च कंपनी करते आणि बिलात होणाऱ्या बचतीतून तो हप्त्याहप्त्याने वसूल करते. कार्यालयाला सुरुवातीला खिशात हात घालावा लागत नाही. मात्र बचत मोजायची तर आधीचा वापर नेमका माहीत हवा. एकाच मीटरवर तीन-चार खाती चालत असतील, तर कुणाची किती वीज वाचली यावरच वाद सुरू होतो. त्यामुळे पंख्यांच्या आधी खातेनिहाय सब-मीटर बसवावे लागतात.